पराभूताची सूचना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांतील वैर पुष्कळदा अखेरपर्यंत शमत नाही. १९८० साली एडवर्ड केनेडी यांनी अध्यक्ष कार्टर यांच्याशी पक्षाच्या अधिवेशनापर्यंत झुंज दिली. व्यासपीठावरील त्यांचे थंड हस्तांदोलन साऱ्या देशाने पाहिले आणि नोव्हेंबरात कार्टर पराभूत झाले.

२००८ मधील बराक ओबामा व हिलरी क्लिंटन यांचा सामनाही कमी कटु नव्हता. फ्लोरिडा व मिशिगन येथील प्रतिनिधींस अर्धेच मत देण्याच्या निर्णयाने क्लिंटनपक्षीय संतापले. तरीही ७ जूनला क्लिंटन यांनी माघार घेतली. २७ जूनला ‘ऐक्य’ असाच अर्थ असणाऱ्या, न्यू हॅम्पशरमधील युनिटी गावी दोघे एकत्र आले. प्राथमिक निवडणुकीत तेथे दोघांनाही १०७ मते पडली होती! हा योग अर्थातच जुळवून आणलेला होता. खरे महत्त्व २७ ऑगस्टच्या डेन्व्हर येथील प्रसंगाला आहे. राज्यवार मतगणना चालू असता, ती थांबवून ओबामांची निवड आवाजी मताने व्हावी, अशी सूचना खुद्द क्लिंटन यांनी मांडली. त्यामुळे अनुयायांना पराभवाचा निर्णय प्रतिपक्षाकडून नव्हे, तर आपल्याच नेत्याच्या मुखातून ऐकावयास मिळाला. पुढे ओबामांनी त्यांस परराष्ट्रमंत्रिपद देऊ केले. २१ जानेवारी २००९ रोजी सिनेटने ९४ विरुद्ध २ मतांनी त्या नेमणुकीस संमती दिली.