जनुकांच्या यादीत सप्टेंबर कुठून आला?

तुमच्या जनुकांच्या यादीत मधेच ‘२-सप्टें’ दिसलं, तर हसू नका. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हसले होते. दोन याद्या जुळवताना काही जनुकं गळत होती. चूक स्क्रिप्टमध्ये असणार, म्हणून दोन दिवस स्क्रिप्टच उलटीपालटी केली. खरी चूक त्याच्या आधीची होती: फाइल ‘नुसती बघायला’ एक्सेलमध्ये उघडली आणि सवयीने सेव्ह केली!

हे दुखणं जुनं आहे. २००४ मध्ये झीबर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमसी बायोइन्फर्मॅटिक्स’मध्ये ते मांडलं. ‘डेक१’ या जनुकाची एक्सेल १ डिसेंबर करतं. रिकेन संस्थेचा ‘२३१०००९ई१३’ सारखा क्रमांक तर त्याला घातांकातली संख्या वाटतो, पडद्यावर २.३१ई+१९ उरतं. तसंच सीएसव्ही म्हणून सेव्ह केलंत की पुढचे आकडे गेलेच. तारखेवरून जनुक ओळखता तरी येतं, इथे तेही नाही. लोकसलिंकसारख्या सार्वजनिक डेटाबेसातही या चुका शिरल्या होत्या.

इशारा मिळाला, मग सगळे सावध झाले असतील? छे. २०१६ मध्ये झीमन, एरेन आणि एल-ओस्टा यांनी एक्सेलमध्ये जनुकयाद्या जोडलेले ३,५९७ शोधनिबंध तपासले. त्यातल्या ७०४ मध्ये, म्हणजे साधारण पाचात एकात, चुका निघाल्या. आणि हे सगळे छापून आलेले निबंध बरं का!

शेवटी माघार घेतली ती जीवशास्त्राने. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ‘सेप्ट१’चं ‘सेप्टिन१’ आणि ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ केलं. (सेप्टिन हे नाव पेशी विभागताना तयार होणाऱ्या पडद्यावरून, सेप्टमवरून आलंय, महिन्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.) एका सॉफ्टवेअरसाठी जनुकांनी नाव बदलायचं, हे मला अजून खटकतं. पण लाखो लोकांच्या सवयी बदलण्यापेक्षा ते सोपं होतं, हेही खरंच.

मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय २०२३ मध्ये दिली. ती तुम्हालाच जाऊन बंद करावी लागते. नाहीतर फाइल इम्पोर्ट करताना जनुकांचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा.

जुन्या निबंधाची पुरवणी फाइल वापरणार असाल, तर आधी तो रकाना चढत्या क्रमाने लावून बघा. एक्सेल संख्या अक्षरांच्या आधी ठेवतं, त्यामुळे तारखा झालेली जनुकं सगळ्यात वर गोळा होतात.