पुराच्या पाण्याची शाळा : नागपूर, १९५७ ते सोनाळा

१/
बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात सोनाळा हे गाव आहे. पाठीशी अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर, समोर पूर्णेच्या खोऱ्यातील काळी सपाट जमीन. डोंगरातून उतरणारे बहुतेक नाले वर्षातील बराच काळ कोरडे असतात. जोराचा पाऊस झाला की काही तासांत दुथडी भरून वाहतात. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी हे रूप पाहिले. अशा वेगवान पाण्यातून माणूस वाचवण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण महाराष्ट्रात कसे आले, त्याचा हा इतिहास.

२/
जिथे नदी बारमाही, तिथे तिचे जाणकारही पिढीजात असतात. पंढरपूरचे कोळी चंद्रभागेचा तळ ओळखतात. कृष्णाकाठी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून माणसे नदी पार करीत. कोल्हापूरच्या पुरात गूळ शिजवायच्या काहिलीचीच नाव झाल्याची उदाहरणे आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला मात्र नाल्यात पाणीच चार दिवसांचे. तिथे नाव कोण बाळगणार आणि नावाडी कुठून घडणार? परंपरेने न मिळालेली ही विद्या तिथे शिक्षणानेच येऊ शकते.

३/
या शिक्षणाची देशातील पहिली संस्था विदर्भातच उभी राहिली. २९ एप्रिल १९५७ रोजी नागपुरात केंद्र सरकारने आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी संस्था स्थापन केली. पूर, भूकंप, वादळ यांसारख्या नैसर्गिक संकटांत काम करणारी माणसे तयार करणे, हा तिचा मूळ हेतू होता.

४/
चारच वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. प्रशिक्षित बचावपथकांची गरज याहून स्पष्ट दिसली नसती. परंतु इतिहासाने वेगळे वळण घेतले. १९६२ चे चीनशी युद्ध आणि १९६५ चे पाकिस्तानशी युद्ध यांमुळे नागपूरच्या संस्थेचा भर नैसर्गिक आपत्तींकडून युद्धकालीन संरक्षणाकडे वळला. १ एप्रिल १९६८ रोजी तिचे नाव राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले.

५/
दोराची विद्या दुसऱ्याच वाटेने आली. सह्याद्रीत कडे आणि सुळके चढणाऱ्या हौशी गिर्यारोहकांनी ती जोपासली. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. ३० जण दगावले, एकच वाचला. भर पावसात दोराने दरीत उतरून मृतदेह वर आणणाऱ्यांत महाबळेश्वर परिसरातील ट्रेकर आघाडीवर होते. सरकारी यंत्रणेला छंदातून आलेल्या कौशल्याचा आधार घ्यावा लागला.

६/
शासकीय चौकट तोवर बदलली होती. डिसेंबर २००४ ची त्सुनामी आणि २६ जुलै २००५ चा मुंबईतील प्रलय यांनंतर, डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले; त्याची पाचवी तुकडी पुण्याजवळ आहे. पुढे महाराष्ट्राने स्वतःचे राज्य दल उभारले आणि त्याच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे ठेवल्या. राष्ट्रीय दलाची अकादमीही आज नागपुरातच आहे. १९५७ चा मूळ हेतू असा जवळजवळ अर्धशतकानंतर पुन्हा केंद्रस्थानी आला.

७/
तरीही पाण्याने धडे देणे थांबवले नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे, पुरात अडकलेल्या गावकऱ्यांना बाहेर काढणारीच बोट उलटली. मृतांचा आकडा दहाच्या पुढे गेला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती.

८/
२३ मे २०२४ रोजी तर प्रशिक्षित पथकावरच आघात झाला. अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना, धुळ्याहून आलेल्या राज्य दलाची बोट भोवऱ्यात उलटली. दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले.

९/
वाहत्या पाण्याचा हिशेब समजल्याखेरीज हे अपघात समजत नाहीत. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी पायथ्याशी गोल फिरून पुन्हा भिंतीकडे येते. त्यात सापडलेली वस्तू, बोट किंवा माणूस आत ओढला जातो. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे १९७५ मध्ये अशाच एका बंधाऱ्याखाली बचावासाठी उतरलेल्या अग्निशामकांवरच मृत्यू ओढवला. त्यानंतरच्या काळात तेथे वेगवान पाण्यातील बचाव हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून आकाराला आला. गावोगाव कोल्हापूर पद्धतीचे बंधारे असलेल्या महाराष्ट्रासाठी हा धडा परका नाही.

१०/
या प्रशिक्षणाचा पहिला नियम म्हणजे पाण्यात उतरणे हा शेवटचा उपाय. आधी काठावरून काठी पुढे करावी; जमले नाही तर दोर फेकावा; त्यानंतर बोट; आणि सर्व मार्ग संपल्यावरच पोहणारा. प्रवाहात पडलेल्याने उताणे तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत आणि उभे राहण्याची धडपड करू नये. दगडात पाय अडकला तर पाणी माणसाला खाली दाबून टाकते.

११/
दोराचे नियमही तितकेच कठोर. कमरेला पक्की गाठ मारून कोणालाही प्रवाहात सोडायचे नाही. दोर ताणला की तोच माणसाला पाण्याखाली दाबतो. नदीवर दोर काटकोनात बांधला तर मध्ये झोळ पडतो आणि धरणारा ऐन धारेत अडकतो. तिरपा बांधला तर प्रवाहच त्याला काठाकडे सरकवतो. आणि पथक कितीही अनुभवी असो, खालच्या अंगाला फेकदोर घेऊन एक माणूस उभा असलाच पाहिजे.

१२/
धुळे किंवा नागपूरहून पथक सोनाळ्याला पोहोचायला कित्येक तास लागतात; सातपुड्याचा नाला तेवढा वेळ देत नाही. म्हणूनच २०१६ मध्ये केंद्राने सुरू केलेली ‘आपदा मित्र’ योजना महत्त्वाची ठरते. पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवण्याचे तिचे उद्दिष्ट ठरले. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पिंजर येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकाने स्थानिक तरुणांच्या बळावर हे काम उभे केले आहे.

१३/
पुरात उडी घेणाऱ्याचे धाडस महाराष्ट्राने नेहमी गौरवले. काठावर उभा राहून योग्य क्षणी अचूक दोर फेकणारा मात्र बातमीत फारसा दिसत नाही. ब्रह्मनाळ आणि सुगाव यांचा इतिहास त्या दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवतो. तो घडवायचा तर सराव उन्हाळ्यात, नाला कोरडा असतानाच व्हायला हवा. मृगाच्या पहिल्या पावसानंतर शाळा भरवायला वेळ उरत नाही.