धारावी : मुंबईच्या वेशीवरची वस्ती

जुन्या गावातल्या माणसाला वेस म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. कातडे कमावणाऱ्याचे काम गावाला हवे असते, त्याचा वास मात्र नको असतो. म्हणून त्याचे घर वेशीबाहेर. राजधानी मुंबईनेही हेच केले. धारावी आपोआप फोफावली असे सर्रास म्हटले जाते, पण तिची कुळकथा पाहिली तर मुंबईने आपल्या सोयीसाठी ती वसू दिली, असेच म्हणावे लागते. मुळात इथे माहीमच्या खाडीवरचा कोळीवाडा आणि भोवती खाजण होते. मिठी नदीच्या काठावरच्या काळ्या किल्ल्याच्या शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्नचे नाव आणि 1737 हे साल आहे. त्याच वर्षी मराठ्यांनी खाडीपलीकडची साष्टी जिंकली. म्हणजे इंग्रजांचा मुलूख इथेच संपत होता. शहराला जे नकोसे झाले, ते पुढे याच हद्दीवर आले. 1887 च्या सुमारास पहिला कातडी कारखाना निघाला. कच्चा माल पलीकडच्या वांद्र्याच्या कत्तलखान्यातून येई आणि कसबी कारागीर तमिळ मुलखातून. 1930 च्या दशकात सौराष्ट्रातल्या कुंभारांना दक्षिण मुंबईतून इथे हलवण्यात आले. त्यांच्या घराची मांडणी आजही धंद्याभोवती आहे: पुढे चाक, मागे राहती खोली आणि दोन रांगांमध्ये सामायिक भट्टी. भट्टीत मडक्यांची चळत लावून ती कापसाच्या टाकाऊ चिंध्यांवर भाजतात. शहराला खुपला तो हाच धूर.

यावर आक्षेप असा की, माणसे दुष्काळाने, पोटासाठी आपणहून आली. त्यात शहराचा काय दोष? येणे त्यांच्या मर्जीचे होते, हे खरे. पण ती याच दलदलीत का थांबली? परवडणारी जागा तेवढीच होती, आणि गटार, पाणी, रस्ता यांवर शहराने खर्च टाळला म्हणूनच ती परवडत होती. रहिवाशांनी राडारोडा टाकून खाजण बुजवले, जमीन तयार केली. 1950 आणि 1957 मध्ये मुंबईची हद्द उत्तरेला सरकली आणि टोकाची धारावी मध्यावर आली. आज जेमतेम अडीच चौरस किलोमीटरांत सहा ते दहा लाख लोक राहतात, असे अंदाज आहेत. दुसरा आक्षेप : जुने धंदे उरलेच कुठे? कत्तलखाना देवनारला गेला आणि बहुतेक कातडी कारखाने बंद पडले, हे बरोबर. तरी पर्स, पट्टे, जाकिटे शिवणारे हात इथेच आहेत. कसब जागा धरून राहिले.

म्हणून धारावीच्या पुनर्विकासात 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा कोणाकडे आहे, एवढेच विचारणे अपुरे आहे. मोफत घराचा हक्क त्या तारखेवर ठरतो, पण वस्तीचा हक्क तिच्या कितीतरी आधी, शहराच्या गरजेतून निर्माण झाला. ज्या शहराने कुंभाराला भट्टीसकट इथे आणले, त्याने त्याला उंच इमारतीत खोली देताना भट्टीलाही जागा दिली पाहिजे.