गोदाकाठचा वस्तरा आणि भेगाळलेले हात

नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगराच्या कुशीत जी चोवीस लेणी कोरलेली आहेत आणि लोक ज्यांना पांडवलेणी म्हणून ओळखतात, ती पाहावयास जाणारा मनुष्य गौतमी बलश्रीची प्रशस्ती आणि नहपानाचा जावई उषवदात याची दाने वाचण्यात इतका गढून जातो की, त्या विहारांत वर्षानुवर्षे राहिलेल्या भिक्षूंना डोके आणि दाढी नियमाने भादरावी लागत असे, हा साधा विचार त्याच्या मनात सहसा उद्भवत नाही. विनयपिटकाचा दंडक स्पष्ट आहे: केस दोन महिने किंवा दोन अंगुळे, याहून अधिक वाढू द्यावयाचे नाहीत. त्यासाठी वस्तरा, तो पाजविण्याचा दगड, त्याचे म्यान, नमद्याचा तुकडा आणि क्षौराचे इतर सर्व सामान बाळगण्याची अनुज्ञा बुद्धाने भिक्षूंना दिली होती. आणि त्या विनयाचे पठण पहिल्या संगीतीत ज्याच्या मुखाने झाले, तो उपाली पूर्वाश्रमी शाक्यांचा न्हावी होता. नाशिकच्या परिसरात वस्तऱ्याचा इतिहास शोधू जाणाऱ्याने म्हणूनच प्रथम या डोंगराकडे वळावे, असे मला वाटते.

त्याच विनयग्रंथात त्वचेच्या व्याधींचाही विचार आहे. आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना खरजेची व्याधी जडली होती आणि तिच्या स्रावाने चीवर अंगाला चिकटून बसत असे. ते पाहून कंडू, पुळ्या, वाहते व्रण आणि खरूज असलेल्या भिक्षूंना अंगास औषधी चूर्ण लावण्याची मुभा देण्यात आली. उलटपक्षी, उपसंपदेच्या वेळी उमेदवारास जे प्रश्न विचारीत त्यांत कुष्ठ, गंड आणि किलास यांचा स्पष्ट निर्देश असे, म्हणजे त्वचारोगी मनुष्याला संघाचे दार बंद होते. आत असलेल्याविषयी करुणा आणि बाहेरून येणाऱ्याविषयी भय, ही दोन्ही एकाच ग्रंथात नांदतात. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील येथल्या एका लेखात तर विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी गोवर्धन येथील श्रेणींकडे अक्षय ठेव ठेविल्याची नोंद आहे, आणि त्या श्रेणींत तेल गाळणाऱ्या तेल्यांचीही श्रेणी आहे. त्या औषधांपैकी काही भाग भिक्षूंच्या फुटलेल्या हातांच्या वाट्यास आला असेल, असे अनुमान करण्यास मला संकोच वाटत नाही. कारण थंडीत नाशिकचा वारा किती कोरडा असतो, हे येथे राहणारा प्रत्येक जण जाणतो.

डोंगरावरील भिक्षू गेले, परंतु क्षौराचा विधी गोदावरीच्या पात्राशी नव्या रूपाने स्थिरावला. केसांच्या आश्रयाने पापे राहतात, या शास्त्रवचनावर तीर्थक्षौर उभे आहे. उपवास, क्षौर, स्नान आणि श्राद्ध हा क्रम क्षेत्रोपाध्ये यात्रेकरूस आजही सांगतात. रामकुंडाचे बांधकाम १६९६ मध्ये खटावच्या चित्रराव खटावकरांनी केल्याची नोंद आहे. त्या वेळी शहराचे सरकारी नाव गुलशनाबाद होते. पुढे पेशवाईत नाशिकची भरभराट झाली, माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई उत्तरायुष्यात जवळच्या गंगापुरास येऊन राहिल्या, घाट बांधले गेले, वाडे उठले, आणि अस्थी घेऊन येणारे, दशक्रियेस बसणारे, मुलाचे जावळ काढण्यास येणारे अशा सर्वांची रीघ पंचवटीस लागली. या सर्वांना प्रथम ज्याच्यापुढे मान वाकवावी लागे, तो मनुष्य कमरेला धोकटी बांधून घाटाच्या पायरीवर बसलेला असे. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. त्याचे काम वतनाचे आणि मोबदला धान्याचा. क्षेत्राच्या ठिकाणी मात्र या बलुत्याला रोकडीची जोड मिळे, आणि म्हणूनच हक्काच्या जागेला मोल येई.

दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीस येतो आणि सिंहस्थ भरतो. त्यातील मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतात. श्रावण वद्य द्वादशीस ज्यांची पुण्यतिथी पाळली जाते ते संत सेना न्हावी, ज्यांनी आपल्या धंद्याची हत्यारे विवेक-वैराग्याच्या परिभाषेत बोलती केली, तेही याच महिन्यात नाभिक समाजाच्या घरोघरी स्मरले जातात. अशा दिवसांत पहाटेपासून माध्यान्हीपर्यंत एकामागून एक डोकी पाण्याने भिजवावयाची, बोटांनी चोळून केस मऊ करावयाचे, वस्तरा चालवावयाचा, पुन्हा हात पाण्यात घालावयाचा; साबणाचा फेस ही फार मागाहूनची चैन आहे. पाण्याने त्वचेतील स्निग्धांश धुपून जातो, वर बोटांना चोळलेली तुरटी तिला आवळून कोरडी करते, आणि सिंहस्थ सरून हिवाळा लागला की त्या कोरड्या कातड्यास भेगा पडतात. घाटावरची ही व्याधी अशी ऋतुचक्राशी बांधलेली होती.

त्या हाताने वस्तरा कसा धरला जातो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. सुऱ्याप्रमाणे वस्तऱ्याची मूठ आवळावयाची नसते. पाते आणि मूठ यांच्यामधील अरुंद मानेखाली अंगठा, वरच्या अंगास तीन बोटे आणि मागे आलेल्या वाकड्या शेपटावर करंगळी, असा तो बोटांच्या पेरांवर तोललेला असतो. डाव्या हाताची बोटे गालाची कातडी ताणून धरतात आणि केसांचा कल कोणीकडे आहे याचा अंदाज घेतात. नेमक्या याच ठिकाणी, पेरांवर आणि अंगठ्याच्या बेचक्यात, इसब येते आणि भेगा पडतात. ओल्या गालावरून बोट निसटू नये म्हणून बोटांच्या टोकांना तुरटी चोळावी, तर ती भेगेत शिरून आग करते. न चोळावी, तर कातडी सैल पडते आणि पाते रुतण्याचे भय. अशा वेळी जाणता कारागीर भार अंगठ्यावरून मधल्या बोटाकडे नेतो, लांब हात न मारता आखूड हात मारतो, दर वेळी बोटे खांद्यावरच्या पंच्याला पुसून कोरडी करतो, आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे निसण्यावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर अधिक वेळ घालवितो. धार जितकी निर्दोष, तितका हाताला जोर कमी लागतो. पाते स्वतःच्या वजनाने उतरले पाहिजे, ढकलावे लागता कामा नये. दुखऱ्या हाताला मिळणारी खरी सवलत ती हीच, आणि ती त्याने स्वतःच्या मेहनतीने, आदल्या संध्याकाळी दगडाशी बसून कमावलेली असे. रात्री कोकमतेल कोमट करून भेगांत भरणे हा घरगुती उपाय. तो आजही निष्फळ ठरलेला नाही.

आयुर्वेदाने या व्याधींना फार पूर्वीच नावे दिली. चरकाने सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे सांगितली, त्यांत विचर्चिका आहे आणि हातापायांना वेदनायुक्त भेगा पाडणारी विपादिकाही आहे. परंतु कुष्ठ या एका छत्राखाली इसबेपासून महारोगापर्यंत सर्व काही आल्यामुळे लोकव्यवहारात मोठा अनर्थ झाला. महारोगाचा जंतू हान्सेन यांना १८७३ मध्ये दिसला. १८९८ च्या कायद्याने महारोग्यांस विशिष्ट धंदे करण्याची मनाई करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आणि ज्याच्या हातावर नुसती निरुपद्रवी, मुळीच न लागणारी इसब आहे, त्याच्यापुढे मान वाकविताना गिऱ्हाईक कचरू लागले असेल तर त्यात नवल नाही. ज्या धंद्यात हात हाच लोकांच्या सर्वांत अधिक दृष्टीस पडतो, त्यात हाताचा रोग लपविता येत नाही. या अन्यायाची नोंद कोणत्याही दफ्तरात मिळावयाची नाही, म्हणून ती येथे करणे मला अगत्याचे वाटते.

याच हातांनी एके काळी नकारही दिला आहे. विधवांच्या केशवपनाची क्रूर रूढी ज्या वस्तऱ्यावाचून चालणे अशक्य होते, तो उचलावयाचा नाही असा निर्धार १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून केला. नाशिकसारख्या क्षेत्रात, जेथे अशा अभागी स्त्रियांना तीर्थाच्या नावाखाली आणीत, तेथे या वार्तेचा अर्थ काय होता, हे निराळे सांगावयास नको.

पाश्चात्य वैद्यकाचे लक्ष न्हाव्याच्या हाताकडे फार उशिरा गेले. कापलेल्या केसांचे बारीक, टोकदार तुकडे ओलसर बेचक्यात शिरतात, आत रुतून बसतात आणि तेथे नाडीव्रण होतो. न्हाव्याच्या हातावरील अशा विकाराचे विवेचन पेटी आणि स्कार्फ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये केले ते १९४८ मध्ये. तोवर जिलेटचा सुरक्षित वस्तरा बाजारात येऊन जवळजवळ चार तपे लोटली होती, आणि सुशिक्षित गृहस्थ आरशासमोर उभा राहून स्वतःची श्मश्रू स्वतः करू लागला होता. पुढे रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांच्या, विशेषतः एड्सच्या, भयाने दुकानांतून पाजविण्याचा वस्तरा गेला आणि दर गिऱ्हाइकास नवे अर्धे पाते बसविण्याचा आला. तो स्वच्छ आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु त्याबरोबर निसणा आणि पट्टा अडगळीत गेले, आणि पाते वजनाने हलके झाल्यामुळे ते बोटांनी अधिक घट्ट धरावे लागते; तशात केस रंगविण्याच्या कलपातील द्रव्यांनी हाताला नव्या तऱ्हेची इसब दिली, जिच्यावर कोकमतेलाची मात्रा चालत नाही.

२०२६-२८ चा सिंहस्थ आता दाराशी आला आहे. रस्ते, घाट, पाणी, दवाखाने यांच्या योजना आखल्या जात आहेत आणि ते योग्यच आहे. त्या योजनांत रामकुंडावर क्षौरास बसणाऱ्या कारागिरांसाठी एवढी तरतूद व्हावी: हात वारंवार कोरडे करण्यास स्वच्छ कापड, काम संपताच लावावयाचे स्निग्ध मलम, कलपाचे काम करणाऱ्यास आत सुती अस्तर असलेले हातमोजे, आणि त्वचेच्या वैद्याने पर्वणीपूर्वी एकदा व पर्वणीनंतर एकदा घाटावर येऊन या लोकांचे हात पाहणे.