बिनसाखरेची आखाजी

गेल्या वर्षी बाबांची शुगर निघाली, म्हणून आखाजीला धुळ्याला जाताना पुण्याहून 'शुगर-फ्री' मिठाई नेली. आजी हसली. "आपल्या मांड्यांत साखर कधी होती रे?"

खरंच की! पुरण गुळाचं. पोळी लाटायची नाही, हातांवर फिरवत मोठी करायची आणि उपड्या खापरावर टाकायची. सोबत आमरस. कारखान्याची पांढरी साखर आपल्याकडे तशी अलीकडची. १९३२ साली देशी साखरेला सरकारी संरक्षण मिळालं, त्याआधी जावाहून भरपूर साखर यायची. प्रवरानगरचा सहकारी कारखाना तर १९५० च्या सुमाराचा. पणजीला 'बिनसाखरेचं' हा शब्दच कळला नसता.

मग काय, मी बाबांना म्हटलं, खा बिनधास्त! दोन मांडे झाले. दोन तासांनी मीटर बघितलं आणि गप्प बसलो. गूळ झाला तरी त्यात बहुतांश सुक्रोजच, म्हणजे साखरच. जुनं ते निर्धोक, हे आपलं आपणच ठरवलेलं. पूर्वी मांडे सणावारीच व्हायचे आणि एरवी शेतात राबणं होतं, हे सोयीस्कर विसरलो.

यंदा बाबांनी चतकोरच खाल्ला, आमरसाशिवाय. उरलेला आजीने काही न बोलता माझ्या ताटात वाढला.