उचल दिली म्हणून माणूस बांधता येत नाही! रोपवाटिकेतली वेठबिगारी कशी ओळखायची, कशी रोखायची?

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांत कामाची घाई उडते. पिशव्या भरायच्या, कलमं बांधायची, खुरपणी, फवारणी, गाड्या भरून द्यायच्या. गावात मजूर मिळत नाही म्हणून मुकादमामार्फत लांबून जोडपी आणली जातात. येताना त्यांना उचल दिलेली असते. इथपर्यंत बेकायदेशीर काहीच नाही. पण "पैसे फिटल्याशिवाय इथून हलायचं नाही" असं मालक किंवा मुकादम म्हणाला की तिथून गुन्हा सुरू होतो. या गुन्ह्याला कायद्यात वेठबिगारी म्हणतात. ही जुन्या काळातली गोष्ट आहे असं अनेकांना वाटतं, पण ती आजही घडते.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या कलम २३ नुसार माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी या दोन्हींना बंदी आहे. त्यानंतर १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा आला. उचल किंवा कर्जाच्या बदल्यात पुढच्यापैकी एकही गोष्ट घडत असेल तर तो माणूस वेठबिगार ठरतो :

- मजुरी मिळत नाही किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळते.
- दुसरीकडे कामाला जायची मोकळीक नाही.
- गावी, बाजाराला, दवाखान्यात आपल्या मर्जीने जाता येत नाही.
- आपला माल किंवा आपली मेहनत बाजारभावाने विकता येत नाही.

मारहाण झाली पाहिजे, साखळीने बांधलं पाहिजे, असं काही नाही. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं. पोटाची गरज हीदेखील सक्तीच, असा त्या निकालाचा अर्थ.

अंगावरच्या पैशांचं काय?

बहुतेक मजूर याच प्रश्नाला घाबरतात. कायद्याचं उत्तर सरळ आहे : वेठबिगारीचं कर्ज फेडायची जबाबदारी संपली. ते कोर्टात वसूल करता येत नाही. ते फिटल्यानंतरही किंवा माफ झाल्यावरही कुणी वसूल करत राहिला तर त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बापाने घेतलेली उचल मुलाच्या अंगावर टाकता येत नाही. आणि हे वेठबिगारीचं कर्ज नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही.

वेठबिगारी करून घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि मालक त्या समाजाचा नसेल तर ॲट्रॉसिटी कायदाही लागतो.

हिशेबात माणूस कसा अडकतो?

उचल एका दिवसात दिली जाते, पण ती फिटता फिटत नाही. खाड्याचा दुप्पट दंड धरला जातो. मुकादमाचं कमिशन मजुराच्या नावावर पडतं. किराणा मालकाच्या ओळखीच्या दुकानातून घ्यावा लागतो. हजार पिशव्यांमागे दर ठरलेला असतो, पण माती ओली निघाली, पिशव्या फाटक्या निघाल्या तर त्याचं नुकसान मजुराच्या माथी. नवरा-बायको दोघं राबतात आणि हजेरी एकाचीच लागते. हंगाम संपतो तेव्हा बाकी निघते ती मजुराच्याच अंगावर. मग पुढच्या साली परत यावंच लागतं. वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर, ऊसतोडीत, सालगड्याच्या बाबतीतही हाच हिशेब चालतो. कातकरी समाजाने तर तो पिढ्यानपिढ्या भोगला.

फक्त आपल्या बांधापुरतं बघून चालत नाही

रोपवाटिकेत किंवा बाग तयार करायच्या धंद्यात बराच माल बाहेरून येतो. शोभेची रोपं आंध्रातल्या कडियमहून, कोकोपीट तमिळनाडू-केरळातून, विटा भट्टीवरून, फरशी राजस्थानातून. राजस्थानचा वालुकाश्म इंग्लंडमधल्या घरांच्या बागांतही बसतो. तिथे २०१५ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीत गुलामगिरी रोखायला काय केलं, ते दरवर्षी जाहीर करावं लागतं. म्हणजे इंग्लंडच्या दुकानदाराला खाणीतल्या मजुराबद्दल विचारलं जातं. मग आपल्याकडच्या माणसाने शेजारच्या तालुक्यातल्या भट्टीबद्दल विचारायला काय हरकत आहे?

माल सगळ्यांपेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर तो कशामुळे, हे विचारा. माल आणायला गेल्यावर दोन गोष्टी बघा : शाळेच्या वेळेत पोरं कामावर आहेत का, आणि मजूर मालकासमोर बोलायला बिचकतात का.

रोपवाटिका मालकांनी काय करावं?

- उचल दिली तर ती बिनव्याजी असावी आणि कागदावर असावी. एक प्रत मजुराकडे, त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवलेली.
- मजुरी आठवड्याला द्या. बाईची मजुरी बाईच्या हातात किंवा तिच्या खात्यावर. मुकादमाच्या हातात सगळ्यांचे पैसे देऊ नका.
- पिशव्यांचा दर असा ठरवा की दिवसभराच्या कामाचं किमान वेतन तरी पडेल.
- मुकादमाचं कमिशन वेगळं आणि मालकाच्या खिशातून.
- खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी नाही, एवढंच. दंड नाही.
- आधार कार्ड, एटीएम, मोबाईल ठेवून घेऊ नका.
- १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. औषध फवारणीला तर १८ वर्षांखालचं कुणीच नको.
- मजुराला निघून जायचं असेल तर जाऊ द्या. उरलेल्या पैशांसाठी माणूस, त्याची बायको किंवा पोर अडकवून ठेवता येत नाही.

तक्रार कुठे करायची?

वेठबिगारांना सोडवायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. प्रांत किंवा तहसील कार्यालयातही अर्ज देता येतो. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असते. मजुरानेच तक्रार केली पाहिजे असं नाही. शेजारी, शिक्षक, सरपंच, कुणीही कळवू शकतं. तातडीची मदत लागली तर ११२, लहान मुलांसाठी १०९८ आणि मोफत वकिलासाठी १५१०० हे नंबर आहेत.

सुटका झाल्यावर मुक्ती प्रमाणपत्र घेतल्याशिवाय गावी निघू नका. त्या कागदावर पुढची मदत अवलंबून असते. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत आहे. पुनर्वसनासाठी पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख आणि अतिशय गंभीर प्रकरणात ३ लाख रुपयांची तरतूद आहे. पूर्ण रक्कम मात्र खटल्याशी जोडलेली असते, म्हणून जबाब नीट आणि सविस्तर द्या. कुणी किती उचल दिली, किती दिवस काम केलं, हातात किती पैसे आले, जाताना कुणी अडवलं, हे सगळं सांगा. हजेरीच्या वहीचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर तो पुरावा ठरतो.

वेठबिगारी मोडणं अशक्य नाही. वसई भागात १९८२ साली सुरू झालेल्या श्रमजीवी संघटनेने आदिवासी वेठबिगारांना संघटित करून सोडवलं, तेही याच कायद्याच्या आधारे. कायदा तेव्हाही होता आणि आताही आहे. आपल्या शिवारातल्या शेडमध्ये राहणारं जोडपं कुणाचं आहे, त्यांना पगार मिळतो का, त्यांची पोरं शाळेत जातात का, एवढं गावाने विचारलं तरी पुष्कळ फरक पडतो.