दीड टन बर्फ, हातभर माती आणि डोक्यावरचा स्लॅब

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला: "वरच्या मजल्यावर राहतो, रात्री बारापर्यंत छत तापलेलं असतं. दीड टनचा एसी घेऊ की दोन टनचा?" उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण मला त्यातला 'टन' हा शब्द अडला. भिंतीवरचा तो डबा काही दीड टन वजनाचा नसतो. मग टन कशाचा?

तर तो बर्फाचा. एक टन, म्हणजे अमेरिकन हिशेबाने साधारण ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकणारं यंत्र म्हणजे एक टनचा एसी. दीड टन म्हणजे रोज जवळजवळ १,३६० किलो बर्फ. थंड करणारी यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाइकाला समजणारं माप एकच होतं, बर्फ. ते माप आजही आपल्या बिलावर छापून येतं.

आता हा बर्फ कुठून यायचा ते ऐका. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून विकायचा. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. तेव्हा सुएझ कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते पोचलं तेव्हा जवळपास १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढे मुंबई आणि मद्रासलाही बर्फघरं झाली. मद्रासचं अजून उभं आहे, 'विवेकानंदर इल्लम' म्हणून.

जहाजात मशीन नव्हतं, वीज नव्हती. होता तो लाकडाचा भुसा. लाकूड कापणाऱ्या गिरण्यांतला, फुकटासारखा मिळणारा भुसा बर्फाभोवती ठासून भरलेला. ट्यूडरची खरी कमाई थंडी तयार करण्यात नव्हती, उष्णता आत येऊ न देण्यात होती. आजच्या एपिसोडमधलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. कारण आपण एसी विकत घेतो आणि भुसा विसरतो.

आपल्याकडे हा 'भुसा' घराघरात होता. सोलापूर, लातूर, धाराशिव, बीडकडच्या मंडळींना माळवद माहीत असेल. खानदेश-विदर्भात त्याला धाब्याचं घर म्हणतात. जाड दगडी भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यावर बारीक लाकडं, पालापाचोळा आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्याच्या उन्हाला तो थर ओलांडून खाली यायला इतका वेळ लागायचा, की तोवर सूर्य मावळलेला असायचा. छतातलं सवणं उघडं ठेवलं की आतली गरम हवा वर निघून जायची. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकून चोपायची, एवढाच मेन्टेनन्स.

माझं आजोळ लातूर जिल्ह्यातलं. तिथली जुनी माणसं माळवदाखालच्या दुपारच्या झोपेबद्दल असं बोलतात, जसं आपण महाबळेश्वरबद्दल बोलतो. पण तीच माणसं दुसऱ्या मिनिटाला गप्प होतात.

कारण ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. मातीत रचलेल्या दगडी भिंती सुटल्या आणि वरचा टनावारी मातीचा थर झोपलेल्या माणसांवर आला. सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. ज्या छताने पिढ्यान्‌पिढ्या गारवा दिला, त्याच छताने एका रात्रीत जीव घेतले. त्यानंतर लोकांनी पत्रे घातले, जमेल त्यांनी स्लॅब टाकले. म्हणून कुणी म्हणालं ना, की 'आपल्या लोकांनी उगाच सिमेंटच्या नादी लागून जुनं शहाणपण सोडलं', तर त्याला किल्लारी सांगा. स्लॅब हौस म्हणून नाही, भीतीपोटी आला.

फक्त स्लॅब टाकताना एक हिशेब राहून गेला. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि काही तासांनी, नेमकं आपण अंथरुणावर पडतो तेव्हा, ते खाली ओकतं. माळवदाचा जो थर जीवघेणा जड होता, त्याचं काम करणारं हलकं काहीतरी स्लॅबवर यायला हवं होतं. ते आलं नाही. त्या रिकाम्या जागी आला एसी.

एसीचा जन्म तर माणसांसाठी झालाच नव्हता. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंगांची छपाई जुळायची नाही. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने त्यावर तोडगा काढला. तो आधी कागदासाठी, मग सिनेमासाठी आला. मुंबईचं १९३३ चं रीगल हे देशातल्या पहिल्या वातानुकूलित थिएटरांपैकी एक. घरात तो शिरला तो बराच नंतर, आणि बिल घेऊनच.

बिल कमी करायचे आकडे पटकन सांगतो. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. स्टार लेबल २००६ साली आलं, आणि २०२० पासून नव्या रूम एसीचं मूळ सेटिंग २४ अंशांवर आहे. ते १८ वर नेऊ नका, पंखा सोबत लावा. पण छत तापलेलंच असेल तर तुम्ही भुशाशिवाय बर्फ वाहताय.

मग छताचं काम करून घ्यायचं, म्हणजे माणूस लावायचा. इथे इतिहास पुन्हा कामाला येतो.

जुन्या गावात सुतार-लोहार बलुतेदार होते. पैसे कामागणिक नाही, सुगीला धान्याच्या रूपात. दार वाकडं बसलं तर सुतार समोरच्याच आळीत राहायचा, जाणार कुठे! पण या व्यवस्थेचं गोडवं गाऊ नका. काम जातीने बांधलेलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. महार वतनातल्या अशाच राबणुकीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. ती बांधिलकी गेली ते बरंच झालं.

तिच्या जागी कंत्राट आलं. मराठवाड्यात आजही 'गुत्तेदार' म्हणतात, शेजारच्या तेलुगू-कन्नडशी नातं सांगणारा शब्द. आता काम करणारा कुठूनही येतो आणि कुठेही जातो. ओळखीची जागा कागदाने घ्यायला हवी. सरकारी बांधकाम खात्याने ते ओळखलं: निविदा, मोजमाप पुस्तक, अनामत रक्कम. आपण मात्र लाखाचं काम "भाऊ, बघून घ्या" वर देतो. माझ्या मामांच्या गच्चीवर दोन हात पांढरा रंग ठरला होता, मारला एकच. पहिल्या पावसात तो सोलला. भांडणार कशावर? कागदच नव्हता.

तेव्हा हे करा. गच्ची सोसायटीची असेल तर आधी कमिटीची परवानगी. तीन जणांकडून कोटेशन घ्या, पण प्रत्येकाला काम एकच सांगा: किती चौरस फूट, भेगा कशाने भरणार, कुठलं मटेरियल, किती हात, गॅरंटी किती वर्षं. चौरस फूट स्वतः टेप लावून मोजा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा, हे आधीच लिहून घ्या. फ्लॅट नवा असेल आणि छत गळत असेल, तर आधी बिल्डरला लेखी कळवा. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष त्याने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

आणि विश्वास बसत नसेल तर कुणालाच बोलवू नका. गच्चीच्या एका कोपऱ्यात चुन्याचे दोन हात मारा. दुपारी तीनला एक तळवा पांढऱ्यावर आणि एक करड्यावर टेकवून बघा. फरक हातालाच कळेल. चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी लावावा लागतो. पण माळवदालाही दरवर्षी माती लागायचीच की.

तर मेसेज करणाऱ्या मित्रा, आधी छत, मग पंखा, मग एसी. या क्रमाने गेलास तर कदाचित दीड टनचाही लागणार नाही, एक टनात भागेल. आणि बाकीच्यांनो, तुमच्या आजोळी छप्पर कशाचं होतं? माळवद, कौलं, पत्रा? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!